नगारा काही थांबेना

झोपायचंय ना? मग पाय आत घ्या, पांघरूण नीट करा आणि ऐका. मध्ये मध्ये हूं म्हणायचं, म्हणजे मला कळेल कोण जागं आहे.

एका नगरीत एक राजा होता. नगरीचं नाव हिंगणवेल, राजाचं नाव हंबीर आणि राणीचं नाव कमळजा. गोष्ट तशी राजाच्या दुखण्याची. पण जिवाला घोर लागला तो राणीच्या, म्हणून आपण राणीच्या मागे मागे जायचं, बरं का.

तर हिंगणवेलच्या वेशीवर एक नगारा होता. केवढा? आपली पाण्याची टाकी आहे ना, तेवढा. तो कुणी वाजवायचं नाही. राजाला काही दुखलंखुपलं की तो आपला आपणच वाजायचा. धुडुम, धुडुम. हंबीर राजाच्या पणजोबांना तो एका राक्षसाने दिला होता. राक्षस डोंगरात तापाने फणफणला होता. बाकीचे सगळे घाबरून पळाले, पणजोबा तेवढे त्याच्या उशाशी बसून राहिले. कपाळावर ओली घडी ठेवायची तर अख्खी सतरंजी भिजवावी लागायची, विचार करा. मग राक्षस बरा झाला आणि म्हणाला, दुखणं वाटून घेतलं की हलकं होतं. हा नगारा ने. राजाचं दुखणं गावाने वाटून घेतलं की हा गप्प बसेल.

आता वाटून घ्यायचं म्हणजे नक्की काय करायचं, ते पणजोबांनी कुणाला सांगितलं नाही. मोठ्या माणसांची ही खोडच असते. मग गावाने आपल्या अकलेने अर्थ लावला. राजाला जे होईल ते आपणही करायचं. राजाला ताप आला की सगळं गाव घोंगडी पांघरून पडायचं, पेज प्यायचं आणि पडल्या पडल्या राजाची काळजी करायचं. नगारा थांबायचा. राजाला उचकी लागली की गावभर उचक्या. पुढे पुढे काळजी करायचं सुटलं, नुसत्या उचक्या राहिल्या. रीत म्हटली की तिचं असंच होतं.

आणि एकदा काय झालं, सकाळी सकाळी नगारा वाजायला लागला. धुडुम, धुडुम.

राणी धावत राजाच्या महालात गेली. राजा भिंतीकडे तोंड करून निजलेला. तिने कपाळाला हात लावला, कपाळ गार. पोट दाबून पाहिलं, पोट मऊ. जीभ बघितली, जीभ गुलाबी. राणीने विचारलं, काय होतंय. राजा म्हणाला, काही नाही. मग उठा की. राजा म्हणाला, उठवत नाही.

गेला महिनाभर तो जरा गप्प गप्प असायचा, पण उठायचा तरी. लढाई नव्हती, दुष्काळ नव्हता, कुणी वाईट बोललं नव्हतं. कारण म्हणून काही नव्हतं. कारण असतं तर कमळजा राणीने पदर खोचून त्या कारणाला झोडपून काढलं असतं. तशी होतीच ती.

पण तिने हे आधी एकदा पाहिलं होतं. तिच्या माहेरी तिचा मामा असाच भिंतीकडे तोंड करून निजायचा. मग घरच्यांनी त्याला गोठ्यामागच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी लावली. कुणी विचारलं तर सांगायचे, मामा काशीला गेलाय. अशा माणसांबद्दल तेव्हा सगळीकडे असंच सांगायची रीत होती. लग्नकार्य असो, सणवार असो, मामा आपला काशीला. लहानगी कमळजा रोज त्या काशीच्या फटीतून त्याला गूळ-शेंगदाणे द्यायची. आणि एके दिवशी मामा काशीतच वारला. त्याच्यासाठी रडायचीसुद्धा घरात चोरी झाली.

म्हणून राणीने ठरवलं, काही झालं तरी माझ्या नवऱ्याला कुणी काशीला धाडता कामा नये. लोकांना कळलंच नाही तर कोण धाडेल?

तेवढ्यात कारभारी भिकोपंत आले, धापा टाकत. राजांना काय झालंय, दवंडी काय पिटायची, म्हणून विचारायला लागले. राणीच्या तोंडून निघून गेलं, पडसं.

झालं. हिंगणवेलमध्ये शिंकांचा पाऊस. ज्यांना शिंक येईना त्यांनी तपकीर ओढली. तपकीर संपली तेव्हा लोकांनी मिरपूड हुंगली. एका लग्नात भटजींना ऐन मंगलाष्टकांत शिंका लागल्या, ‘सावधान’ काही पुरं होईना, आणि नवरा-नवरी हार हातात धरून दुपारपर्यंत तिष्ठत राहिली. इकडे राजवैद्य मोरशास्त्री काढा घेऊन आले. त्यांचा काढा म्हणजे म्हशीच्या डोळ्यांत पाणी आणणारा. राजाने घटाघट प्यायला आणि तोंडही वाकडं केलं नाही. राणीला ते काही बरं वाटलं नाही.

आणि नगारा? तो थांबेल कशाला? ज्याला पडसंच नाही त्याचं पडसं वाटून काय उपयोग? धुडुम, धुडुम.

मग राणीने दुसरी थाप मारली. पडसं बरं झालं, पण आता राजांचा पाय मुरगळलाय. पण कुठला पाय ते सांगायला विसरली. मग निम्मं गाव डाव्या पायाने लंगडायला लागलं आणि निम्मं उजव्या. बोळाबोळांतून लोक एकमेकांवर आदळायला लागले. पाणवठ्यावर एक घागर धड राहिली नाही. वर पुन्हा भांडणं, खरा स्वामिनिष्ठ डावा की उजवा. सख्खे भाऊ वेगळे निघाले. मोरशास्त्री आंबेहळदीचा लेप घेऊन आले आणि राजाला विचारलं, महाराज, कुठला पाय? राजा म्हणाला, कुठलाही.

नगारा जास्तच वाजायला लागला. कोंबड्यांनी अंडी घालणं सोडलं. दूध विरजायला लावलं की हादऱ्याने त्याचं पाणी व्हायचं. लोकांचे डोळे झोपेवाचून लाल झाले, आणि राजा तिकडे दोन घास जास्त खाईल तर शपथ.

मग तिसरी थाप. दाढ दुखतेय.

पुन्हा दवंडी. सगळ्या गावाने गालाला फडकी बांधली, हनुवटीखालून डोक्यावर गाठ. कुणाचं बोलणं कुणाला कळेना. मंडईत एकीने ऊंऊं करून मेथी मागितली तर तिला भोपळा मिळाला, आणि तीही बापडी तो घेऊन गेली, कारण परत करायचा म्हणजे पुन्हा ऊंऊं करावं लागणार.

पण या वेळी मोरशास्त्री मोठ्या आनंदात आले. म्हणाले, आत्ता सापडलं मूळ! दाढ उपटली की नगारा बंद. आणि कारभाऱ्यांनी लगेच रीत काढली. राजाची दाढ निघणार तर सगळ्या गावाची निघाली पाहिजे.

ए, तोंड मिटा. तुमची नाही काढत कुणी.

दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या अंगणात ही रांग. लोहाराने सांडश्यांचा ढीग आणून ठेवला. रांगेत सगळ्यांत पुढे कोण, तर ठकूआजी. तिच्या तोंडात दातच उरले होते दोन, तेही समोरासमोर नव्हते. कुणीतरी म्हणालं, आजी, तुम्ही घरी जा. तर म्हणाली, राजापेक्षा दात मोठा का? आणि उभी राहिली काठी टेकून. राणी सज्जातून हे बघत होती.

मग राजाला चौरंगावर बसवलं. मोरशास्त्र्यांनी सांडशी उचलली आणि म्हणाले, महाराज, आ करा. राजाने आ केला. लगेच. लहान मूलसुद्धा एवढं शहाण्यासारखं करत नाही.

राणी खाली धावत आली आणि त्याच्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, “अहो, तुमची दाढ दुखत नाही. तुम्हाला ठाऊक आहे ना?”

राजा म्हणाला, “हो.”

“मग तोंड का उघडलंत?”

“तू म्हणालीस, दाढ दुखते. आणि काढली काय, ठेवली काय, सारखंच.”

राणीला एकदम दिसलं, आपण काय करून बसलो. तिच्या माहेरच्यांनी मामाला गोठ्यामागे ठेवला होता. हिने नवऱ्याला पडशामागे, पायामागे आणि दाढेमागे ठेवला होता. कडी लावलेली ती लावलेलीच.

तिने शास्त्र्यांच्या हातातली सांडशी काढून घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “राजांची दाढ दुखत नाही. पाय मुरगळला नव्हता, पडसंही नव्हतं. राजांचं मन आजारी आहे. मला लाज वाटली, म्हणून मी खोटं बोलले. आता त्यांना काशीला धाडायचं असेल तर मलाही धाडा.”

मागून कुणीतरी फडक्याच्या आतून पुटपुटलं, वेड लागलं म्हणायचं. नगारा वाजतच राहिला.

पण भिकोपंत म्हणजे हाडाचे कारभारी. दुखणं बदललं तर बदललं, रीत चुकता कामा नये. राजांचं मन आजारी, तर गावाचंही झालं पाहिजे. आता मन आजारी करायचं कसं? शिंक असती तर तपकीर होती. भिकोपंतांनी क्षणभर विचार केला, मग पगडी उलटी घातली, जोडा काढून डोक्यावर ठेवला आणि कोंबडीसारखे कुकचकुक करत अंगणभर फिरायला लागले. ते बघून लोकही लागले. कुणी खांबावर चढलं, कुणी झाडाला मिठी मारून हसायला लागलं. एक गृहस्थ बादलीशी भांडत होते.

राणीचं डोकं असं तापलं म्हणता! तिने भिकोपंतांचा जोडा काढून घेतला आणि विचारलं, हे काय चाललंय. भिकोपंतांनी गालावरचं फडकं खाली ओढलं आणि म्हणाले, राजांचं दुखणं वाटून घेतोय, राणीसाहेब.

“राजांना कधी कोंबडी झालेलं पाहिलंत तुम्ही?”

“नाही,” भिकोपंत म्हणाले. “पण मग काय होतं त्यांना?”

राणीने सांगायला तोंड उघडलं. आणि तिला कळलं, आपल्यालाही माहीत नाही. इतके दिवस ती ‘काय होतंय’ म्हणाली होती, पण उत्तराला थांबली कुठे होती? ‘काय होतंय’ म्हणायचं आणि पाठोपाठ ‘मग उठा की.’ याला काय विचारणं म्हणतात?

मग राणी तिथेच, चौरंगाजवळ, खाली फरशीवर बसली. लोकांना म्हणाली, फडकी घट्ट करा आणि तुम्हीही बसा. आणि राजाला म्हणाली, “सांगा तुम्ही. जमेल तसं सांगा. आम्ही बसलोय.”

सगळ्यांची तोंडं बांधलेली होती हे एक फार बरं झालं. एरवी कुणी ऐकून घेतं का? माणूस अर्धं बोलतो न बोलतो तोच पलीकडून सल्ला तयार. त्या दिवशी सल्ले सगळे फडक्यात अडकून राहिले, म्हणून राजाला शेवटपर्यंत बोलता आलं.

राजा थांबत थांबत बोलला. म्हणाला, “सकाळी डोळा उघडतो तेव्हा छातीवर जातं ठेवलेलं असतं. ते बाजूला सारायला हात उचलावा, तर हातावरही जातंच. जेवण मातीसारखं लागतं. तुम्ही सगळे दिसता, पण नदीच्या पलीकडे उभे असल्यासारखे. रडू आलं तर बरं वाटेल, पण तेही येत नाही. आणि लाज वाटते. तापाने निजलेल्याला लोक म्हणतात, पडून राहा. मी निजलो की मीच मला म्हणतो, आळशी आहेस.”

एवढं बोलून तो दमला. अंगणात टाचणी पडली तरी ऐकू आली असती, नगारा नसता तर.

मग ठकूआजीने आपलं फडकं सोडलं. म्हणाली, “हे होय? लेकरा, हे मला झालं होतं. धाकटीच्या बाळंतपणानंतर. पोर रडायची आणि मी वाशाकडे बघत पडून राहायची. सासू म्हणाली, दृष्ट लागली, मिरच्या ओवाळा. घरातल्या मिरच्या संपल्या, पण ते जातं काही हललं नाही. आजपर्यंत कुणाला बोलले नाही मी.”

मग वेशीवरचा पहारेकरी शिदू उभा राहिला. एवढ्या मिशांचा माणूस, पण आवाज थरथरत होता. म्हणाला, माझा थोरला भाऊ काशीला गेलाय असं मी सांगतो. तो माडीवर आहे. जेवण मीच वर नेतो आणि येताना कडी लावतो.

राणीने त्याच्याकडे बघितलं आणि तीही मामाबद्दल बोलली. फटीतून दिलेल्या गूळ-शेंगदाण्यांचं सगळं सांगितलं. आणि रडली, इतक्या वर्षांनी, भर अंगणात.

आणि मग, तुम्ही ओळखणार नाही, मोरशास्त्री उठले. घसा खाकरला, पुन्हा खाकरला. म्हणाले, मी दर अमावास्येला नदीपलीकडे साळूबाईकडे वांगी आणायला जातो.

अंगणात एकदम चुळबूळ झाली. कारण वांगी म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. साळूबाई ही मनाच्या दुखण्यांची वैद्यीण. मोठी हुशार. पण तिच्याकडे उजळ माथ्याने जायचं कसं? म्हणून लोक भल्या पहाटे डोक्यावरून उपरणं घेऊन जायचे, आणि वाटेत कुणी भेटलं तर म्हणायचे, वांगी आणायला निघालोय. भेटणाराही वांगी आणायलाच निघालेला असायचा. साळूबाईच्या परसात वांग्याचं झाड औषधालासुद्धा नव्हतं, आणि ही गोष्ट गावात कुणालाच ठाऊक नव्हती, असं प्रत्येक जण म्हणायचा.

राणीने विचारलं, शास्त्रीबुवा, तुम्ही स्वतः जाता, मग आम्हाला का नाही सांगितलंत? शास्त्री म्हणाले, तुम्ही दाढ म्हणालात. आणि मलाही लाज वाटली.

मग एकेक जण फडकं सोडायला लागला. कुणाची छाती उगाच धडधडायची, कुणी दाराची कडी लावली की नाही ते बघायला पुन्हा पुन्हा उठायचं. झाडाला मिठी मारून हसणारा तो मनुष्य, तो तर मुलगी वारल्यापासून खरा हसलाच नव्हता. सोंग घ्यायची कुणाला गरजच पडली नाही. आणि या सगळ्या बोलण्यात नगारा कधी थांबला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. शेवटी भिकोपंत म्हणाले, अरे, मी एवढा ओरडून का बोलतोय? तेव्हा कळलं.

नगारा थांबला म्हणजे राजा बरा झाला, असं नव्हे हं. वाटून घेतलं की हलकं होतं, नाहीसं होत नाही. त्यासाठी औषध लागतं.

मग राणीने भर दुपारी, वाजतगाजत पालखी पाठवून साळूबाईला आणलं. साळूबाईने राजाची नाडी बघितली, पुष्कळ वेळ ऐकून घेतलं, कडू औषध दिलं आणि सांगितलं, रोज थोडं उन्हात चालायचं. सोबत कुणीतरी जायचं, पण उपदेश करायचा नाही. वेळ लागेल. चार दिवस बरे जातील, पाचवा वाईट जाईल, तेव्हा घाबरायचं नाही. आणि जो कुणी राजांना ‘मनावर घेऊ नका’ म्हणेल किंवा ‘हसत राहा’ म्हणेल, त्याला मोरशास्त्र्यांचा काढा पाजायचा. भिकोपंतांना तो दोनदा प्यावा लागला. सवय हो, दुसरं काय.

शिदूने माडीची कडी काढली आणि भावाला खाली आणलं. त्या महिन्यात हिंगणवेलमध्ये बरीच माणसं काशीहून परत आली. कुणी त्यांना प्रसाद मागितला नाही.

राजाचे काही दिवस बरे गेले, काही वाईट. वाईट दिवशी राणी त्याच्याजवळ बसायची, भाजी निवडत, काही न बोलता. न बोलणं तिला फार जड जायचं, पण शिकली बिचारी.

आणि मग एके दिवशी दुपारी राजा जेवायला बसला होता. राणी शेजारी बसून वारा घालत होती. राजाने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, तोंडात घातला. चावता चावता थांबला. कपाळाला आठी पडली.

म्हणाला, “पिठल्यात मीठ कमी आहे.”

राणीच्या हातातला पंखा गळून पडला. तिला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात ढसाढसा रडूही आलं. आचारी बिचारा हात जोडून थरथर कापत आला, मीठ चुकलं म्हणून माफी मागायला लागला, तर राणीने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून त्याच्याच गळ्यात घातला. राजाने पानात वाढलेलं चिमूटभर मीठ घेतलं आणि आणखी एक भाकरी मागितली.

बातमी गावात पोचायला कितीसा वेळ? त्या दुपारी हिंगणवेलमध्ये घराघरांतल्या पुरुषांनी रीतीला धरून सांगितलं, पिठल्यात मीठ कमी आहे. आणि घराघरांतल्या बायकांनी त्यांना जे ऐकवायचं ते ऐकवलं. पण त्या दिवशी कुणाला राग म्हणून आला नाही.

तर असे ते सगळे सुखाने नांदले. रडले, हसले, आणि दुखलं तर दुखतंय म्हणाले.

चला, आता डोळे मिटा. आणि उद्या सकाळी कुणाला खरंच उठवेनासं झालं, छातीवर काही जड जड वाटलं, तर पोट दुखतंय म्हणून सांगू नका. जे होतंय ते सांगा. मी बसेन उशाशी. शाळा बुडवायची असेल तर मात्र माझ्याकडे येऊ नका, ते मला लगेच कळतं. हूं कोण म्हणालं? कुणीच नाही? निजली वाटतं सगळी. निजा, बाळांनो.